वर्गात जाऊन बसलेले बेरीजयंत्र

मी एक जुने, हाताने फिरवायचे बेरीजयंत्र आहे. आणि मित्रांनो, वयाची साठी उलटल्यावर मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसले. हसू नका. ज्या वयात यंत्रे भंगारात जातात, त्या वयात मला आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट कळली. ती कळली नसती, तर मी जन्मभर बेरजा करून अडाणीच राहिले असते.

माझे अंग लोखंडाचे, रंग राखाडी, पोटात दातेरी चाके. समोर नऊ खाचा आहेत. खाचेतली दांडी हव्या त्या आकड्यावर सरकवायची आणि उजवीकडची मूठ पुढे फिरवायची, की झाली बेरीज. मूठ मागे फिरवली, की वजाबाकी. वजाबाकी शून्याच्या खाली गेली, की माझ्या पोटातली घंटा टिंग करून वाजते. म्हणजे मी सांगते, की जितके होते त्याहून जास्त काढलेत, थांबा. ही घंटा अजून शाबूत आहे, याचा मला थोडा गर्वही आहे.

माझा जन्म दूर उत्तरेच्या एका थंड देशात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने माझी चाके बसवली आणि मूठ शंभरदा फिरवून पाहिली. मग जहाजातून जिबूती, तिथून आगगाडीने आदिस अबाबा. तिथल्या एका कॉफीच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत मामो नावाच्या कारकुनाच्या मेजावर मी तीस वर्षे काढली. पोती, हमाली, गाडीभाडे, पगार, जे समोर येईल ते मी मिळवत गेले. ‘मामो, तुझं यंत्र चुकत नाही हं,’ असे मालक म्हणत, तेव्हा मामो माझ्या पाठीवर थाप मारी. पण खरे सांगते, ते आकडे कशाचे आहेत आणि कशासाठी आहेत, हे मला कधी कळले नाही. मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पुढे खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी कॅल्क्युलेटरे आली. मामो निवृत्त झाला. मग मी कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे वजन झाले, त्यानंतर दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावायचा दगड झाले. शेवटी मेर्काटो बाजारातल्या भंगाराच्या ओळीत मला किलोवर विकले. तिथे दोन वर्षे मी एका फुटक्या गिझरच्या शेजारी पडून होते. गिझरचा स्वभाव काही चांगला नव्हता.

तिथून मला डॉक्टर देमिसे यांनी साठ बिर्रला उचलले. हे औषधांचे डॉक्टर नव्हेत. हे विद्यापीठात वित्तीय हिशेबशास्त्र शिकवतात. उंच, वाकलेले, कोटाच्या कोपरांना ठिगळे, आणि बोलणे इतके हळू, की मागच्या बाकावरच्यांनासुद्धा गप्प बसावे लागे. त्यांनी मला रॉकेलने धुतले, शिवणयंत्राचे तेल घातले, आणि पुढच्या शनिवारी काखेत मारून वर्गात आणले.

वर्गात चाळीसेक माणसे होती. सगळी नोकरदार, आठवडाभर राबून शनिवारी शिकायला येणारी. डॉक्टरांनी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली आणि विचारले, “आईनं मुलीला दुकान टाकायला पाच हजार बिर्र दिले. मुलीच्या वहीत हे किती ठिकाणी लिहायचं?”

“एकाच ठिकाणी. पाच हजार आले,” कोणीतरी म्हणाले.

“आले ते दिसलं. पण आले कुठून?” डॉक्टर म्हणाले. “पैसा आकाशातून पडत नाही. तो कुठून तरी येतो आणि कुठेतरी जातो. एक टोक डावीकडे, नावे. दुसरं टोक उजवीकडे, जमा. दोन्ही टोकं लिहिल्याशिवाय हात धुवायचे नाहीत.”

मग त्यांनी दुकानासाठी फळी घेतली, साखर घेतली, उधारीवर साबण घेतला, साखर विकली. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहिला. तास संपताना त्यांनी एका विद्यार्थ्याला माझ्याजवळ बसवले. डावीकडचे सारे आकडे मूठ पुढे फिरवून मिळवले. मग उजवीकडचे सारे आकडे मूठ मागे फिरवून वजा केले. माझी चाके एकेक करून फिरली आणि माझ्या खिडकीत ओळीने शून्ये उभी राहिली. घंटा वाजली नाही.

मित्रांनो, मी तीस वर्षांत लाखो बेरजा केल्या होत्या, पण सगळ्या एकाच बाजूच्या. जगात जे काही येते-जाते त्याला दुसरे टोक असते आणि दोन्ही टोके नीट लिहिली तर शेवटी काहीच शिल्लक राहत नाही, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या अंगावर काटा आला असता, पण मी लोखंडाचे. ज्या कुणा माणसाने ही युक्ती पहिल्यांदा शोधली, त्याच्यापुढे मी मनोमन नमस्कार केला.

त्या वर्गात पहिल्या बाकावर अस्काले ताफेसे बसायची. वय एक्केचाळीस, शहराच्या पाणी खात्यात बिलांच्या विभागात नोकरी. आमच्याकडे माणसाच्या नावापुढे बापाचे नाव लागते. तेव्हा ताफेसे हे तिच्या वडिलांचे नाव. हिशेबाच्या पहिल्या चाचणीत तिला तीसपैकी अकरा गुण मिळाले. नावे आणि जमा यांची ती हमखास अदलाबदल करायची. तिच्या मागे बेरिहुन बसायचा. बँकेतला पोरगेला अधिकारी, हुशार, खिशात भाजलेल्या जवाचे कोलो आणि तोंडात सतत काहीतरी.

“एत्ये अस्काले,” तो तिला मोठ्या बहिणीला म्हणतात तसे म्हणायचा, “एवढं काय अवघड आहे? ज्या हातानं इंजेराची भाकरी खाता, तो जमा. रिकामा राहतो, तो नावे.”

“आणि तुझी जीभ कुठल्या बाजूला लिहायची रे?” अस्काले मागे न बघता म्हणायची. “ती तर दोन्हीकडे वळते.”

वर्ग हसायचा आणि बेरिहुन मुकाट्याने मूठभर कोलो तिच्या वहीवर ओतायचा.

एका शनिवारी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तास संपल्यावर ती डॉक्टरांच्या मेजाशी येऊन उभी राहिली. मी मेजावरच होते, म्हणून मला सारे ऐकू आले.

तिचे वडील ताफेसे गुलेले भागातल्या त्यांच्या गल्लीच्या इदिरचे हिशेब ठेवीत. इदिर म्हणजे मयताच्या वेळी एकमेकांच्या उपयोगी पडण्यासाठी घराघरांनी मिळून चालवलेली मंडळी. दर महिन्याला प्रत्येक घर वर्गणी देते. कोणाकडे माणूस गेले, की इदिरचा तंबू दारात उभा राहतो, बाकडी येतात, मोठाली भांडी येतात, शेजारणी स्वयंपाक करतात, लोक तीन दिवस बसतात, आणि घराला सहा हजार बिर्र रोख मिळतात. ज्याचे नाव इदिरातून काढले, त्याच्या दारात तंबू उभा राहत नाही आणि त्याला खांदा द्यायला गल्ली येत नाही. आमच्या शहरात यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

“नवीन अध्यक्षांनी दहा वर्षांचे हिशेब पहिल्यांदाच तपासले,” अस्काले म्हणाली. “वहीप्रमाणे एकसष्ट हजार चारशे शिल्लक पाहिजे. बँकेत आणि पेटीत मिळून त्रेचाळीस हजार चारशेच आहेत. अठरा हजार कमी. दोन आठवड्यांनी रविवारी सभा आहे. अबाबांचं नाव काढायचं ठरवलंय.”

“वडील काय म्हणतात?” डॉक्टरांनी विचारले. वडिलांना आमच्याकडे अबाबा म्हणतात.

“ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. नुसतं म्हणतात, दिले, सगळे दिले. कुणाला दिले विचारलं की माझ्याकडे बघत बसतात. डॉक्टर, माझ्या बापानं चोरी केली असेल, तर मला ती मोजून बघायची आहे. आणि केली नसेल, तर मला तेही मोजून बघायचं आहे.”

या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्याखुऱ्या संस्थेचा ताळेबंद बनवायचा होता. डॉक्टर म्हणाले, “तुमची संस्था ठरली. वह्या घेऊन या.”

पुढच्या शनिवारी अस्कालेने पिठाच्या पोत्यातून दहा वह्या आणल्या. परदेशात छापलेल्या जाड वह्या, वर्षाला एक. दर महिन्याला एक पान आणि पानाच्या माथ्यावर परक्या महिन्याचे नाव. ताफेसेंनी प्रत्येक नाव एका सरळ रेघेने खोडून वर आपल्या महिन्याचे नाव लिहिले होते: मेस्केरेम, तिकिम्त, हिदार. अक्षर मोत्यासारखे. महिना संपला, की बेरीज आणि तिच्याखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. मी आयुष्यभर हिशेबाची पाने पाहिली आहेत. इतकी स्वच्छ पाने क्वचितच पाहिली.

तासानंतर अस्काले आणि बेरिहुन माझ्याजवळ बसले. तो आकडे वाचे, ती मूठ फिरवी. दहा वर्षांच्या एकशेवीस पानांत एकही बेरीज चुकलेली निघाली नाही. आणि शेवटी खिडकीत तेच उभे राहिले, अठरा हजार.

बेरिहुनने कोलो चघळणे थांबवले. “एत्ये, राग मानू नका. पण आमच्या बँकेत असं अक्षर ज्याचं असतं, त्याच्यावर आम्ही जास्त लक्ष ठेवतो.”

अस्काले उठली. मला वाटले, आता ही त्याच्या थोबाडीत मारते. तिने मारली नाही. वह्या पोत्यात भरू लागली. तेवढ्यात डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, “इतके शनिवार मी काय शिकवतोय? तुम्ही दोघांनी एकच बाजू पाहिलीत. अस्काले, इदिरचा पैसा जातो कशासाठी?”

“मयतासाठी.”

“मग पैशाची नोंद या टोकाला. मयताची नोंद कुठल्या टोकाला?”

अस्काले पोत्याचे तोंड धरून तशीच उभी राहिली. मग ती हळूच म्हणाली, “शिब्रूकडे.”

शिब्रू हा इदिरचा तुतारीवाला. गल्लीत कोणी गेले, की पहाटे तुतारी फुंकून नाव पुकारणे हे त्याचे काम. पगार महिन्याचा, पण माणूस हौशी. आपण कुणाकुणासाठी तुतारी वाजवली, हे तो एका छोट्या वहीत तारखेसह लिहून ठेवी. अस्कालेने ती वही मागितली, तेव्हा तो म्हणाला म्हणे, “बाई, या वहीत काय मिळणार तुला? यात पैसा नाही, नुसती मेलेली माणसं आहेत.” तरीपण त्याने ती दिली.

तिसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी सभा. त्या दिवशी डॉक्टरांनी वर्षअखेरीच्या नोंदी शिकवल्या. खर्च ज्या काळात झाला त्याच काळात लिहायचा. पैसे नंतर दिले म्हणून तो पुढच्या वर्षात ढकलायचा नाही, आधीच्या वर्षात कोंबायचा नाही. “ज्याच्या त्याच्या काळाला ज्याचं त्याचं द्या,” ते म्हणाले.

मागून बेरिहुन म्हणाला, “डॉक्टर, या पुस्तकातल्या वर्षाला बारा महिने आहेत. आपल्याला तेरा. पागुमेतला खर्च कुठल्या पानावर लिहायचा?”

वर्ग खदखदून हसला. आमचे महिने सगळे तीस-तीस दिवसांचे. वर्षाच्या शेवटी जे पाच दिवस उरतात, चौथ्या वर्षी सहा, त्यांचा चिमुकला तेरावा महिना म्हणजे पागुमे. त्यात पगार नाही, घरभाडे नाही, वर्गणी नाही. जणू कॅलेंडरने दिलेली सुट्टी.

अस्काले हसली नाही. तिची पेन्सिल कागदावर थांबली होती.

तास संपला तशी ती धावतच माझ्यापाशी आली. एका हातात शिब्रूची वही, दुसऱ्या हातात बापाच्या वह्या. बेरिहुन न बोलावता आला. शिब्रूच्या वहीत दहा वर्षांत एकशे एकतीस मृत्यू. ताफेसेंच्या वह्यांत सहा हजार बिर्र दिल्याच्या नोंदी एकशे अठ्ठावीस. दोघांनी एकेक नाव खोडत आणले. तीन नावे उरली, ज्यांचा मृत्यू शिब्रूने पुकारला होता, पण ज्यांच्या घरी पैसे दिल्याची ओळ कुठेच नव्हती.

“तारखा वाच,” अस्काले म्हणाली.

बेरिहुनने वाचल्या. “येशी, पागुमे दोन. मंगशा, पागुमे चार.” तिसऱ्या ओळीवर त्याचे बोट थांबले. “वोलेते, पागुमे एक.”

अस्कालेने त्या तिन्ही वर्षांच्या वह्या काढल्या. शेवटचे पान नेहासे, म्हणजे बारावा महिना. खाली बेरीज, दोन रेघा. पुढे पुठ्ठा. छापणाऱ्याला आमचा तेरावा महिना ठाऊकच नव्हता. त्याने त्याला पान दिले नव्हते.

“तीन साहे अठरा,” बेरिहुन पुटपुटला.

“तिसरी वोलेते कोण, माहीत आहे?” अस्कालेने विचारले. “अध्यक्ष गोबेना यांची आई. त्यांनीच अबाबांचं नाव काढायचा ठराव मांडलाय.”

डॉक्टर जवळ आले होते. ते म्हणाले, “आनंद करू नका. कागदावर जुळलं म्हणजे खरं ठरलं असं नाही. ही तीन घरं म्हणाली पाहिजेत, की पैसे मिळाले. पावत्या आहेत?”

“अबाबा मयताच्या घरी अंगठा मागत नसत. रडणाऱ्या बाईपुढे कागद धरणं त्यांना बरं वाटत नसे.”

“मग उद्या त्या घरांनाच विचारा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आणि हे घेऊन जा. म्हाताऱ्या माणसांचा मोबाइलच्या आकड्यावर विश्वास नसतो. यात चाकं फिरताना दिसतात.”

अशा रीतीने मी पिठाच्या पोत्यात बसून गुलेलेला गेले. वाटेत अस्काले येशीच्या मुलीकडे थांबली, मंगशाच्या भावाकडे थांबली. दोघांनीही पैसे मिळाल्याचे सांगितले आणि सभेत बोलायचे कबूल केले. गोबेनांच्या दारापाशी मात्र ती बराच वेळ उभी राहिली आणि आत न जाता परतली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर इदिरच्या तंबूत सभा भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये मेज, मेजावर मी. ताफेसे पांढरी जाड चादर पांघरून कडेला बसले होते. ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते, जसे लहान मूल बघते.

गोबेना उभे राहिले. पूर्वी जिबूतीच्या रस्त्यावर मालमोटार चालवलेला माणूस. आवाजात अजून इंजिन होते. “गाशे ताफेसे माझ्या बापाच्या जागी आहेत,” ते म्हणाले. वडीलधाऱ्याला आमच्यात गाशे म्हणतात. “मला आनंद होतोय असं कुणी समजू नका. पण तीनशे घरांचा पैसा आहे. अठरा हजार कुठे गेले, एवढं कुणीतरी सांगा, आणि मी खाली बसतो.”

“मी सांगते,” अस्काले म्हणाली. वर्गात नावे आणि जमा यांची अदलाबदल करणारी हीच का ती, असे मला वाटले. तिने बापाच्या वह्या दाखवल्या, शिब्रूची वही दाखवली, एकशे एकतीस आणि एकशे अठ्ठावीस सांगितले. मग माझ्या खाचांत अठरा हजार बसवून मूठ एकदा पुढे फिरवली. नंतर सहा हजारांवर दांड्या लावल्या आणि शिब्रूला म्हणाली, “शून्याच्या खाली गेलं की हे घंटा वाजवतं. तू मागे फिरव.”

शिब्रूने दोन्ही हातांनी मूठ धरली.

“येशी,” अस्काले म्हणाली. “पागुमे दोन.”

“आम्हाला मिळाले,” येशीची मुलगी उठून म्हणाली. “माझ्या हातात दिले.”

मूठ मागे फिरली. बारा हजार.

“मंगशा. पागुमे चार.”

“मिळाले,” मंगशाचा भाऊ म्हणाला. मूठ फिरली. सहा हजार.

“वोलेते. पागुमे एक.”

गोबेनांचा चेहरा उतरला. “आई गेली तेव्हा मी जिबूतीला अडकलो होतो,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी पोचलो. मला कुणी पैसे दिले नाहीत. देवाशपथ.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक ठसठशीत आवाज आला. गोबेनांची बायको मुलू उभी होती.

“तुम्हाला कसे देतील? तुम्ही होतात कुठे? मला दिले. दारात उभे राहून दिले, आत आले नाहीत, बूट चिखलाचे होते म्हणून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“विचारलंत कधी? उरलेले दोन दिवस तंबूत बसून जेवत होतात, ते डाळ-मीठ कुठून आलं असं वाटलं तुम्हाला? मला वाटलं, वहीत लिहिलेलं असेल. गाशे ताफेसेंच्या वहीत लिहिलेलं नसतं, असं कधी झालंय का?”

गोबेनांनी श्वास सर्रकन आत ओढला. आमच्याकडे जीव भरून आल्यावर माणूस असेच ‘हो’ म्हणतो. मग त्यांनी शिब्रूकडे पाहून मान हलवली. शिब्रूने मूठ मागे फिरवली.

माझी सारी चाके एकदम वळली आणि शून्यावर येऊन थांबली. घंटा वाजली नाही. अख्खा तंबू घंटेची वाट बघत होता, आणि ती वाजली नाही. मेलेली तीन माणसे एका बाजूला आणि अठरा हजार बिर्र दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये काहीही शिल्लक नाही. मित्रांनो, मी हे शून्य वर्गात पाहिले होते. पण ते एखाद्या म्हाताऱ्याचे तोंड पुन्हा वर करू शकते, हे मला माहीत नव्हते. मी आजही त्या क्षणाची आठवण काढते आणि माझी चाके जागच्या जागी थबकतात.

पण सर्वांत थक्क मी त्यानंतर झाले. अस्काले बापापुढे गुडघ्यांवर बसली आणि विचारू लागली, “अबाबा, येशी, मंगशा, वोलेते. पागुमेत गेलेली माणसं. त्यांना दिलेले पैसे लिहिले का नाहीत?”

ती नावे ऐकून ताफेसेंच्या डोळ्यांत काहीतरी उजळले. त्यांचा आवाज बारीक, पण साफ होता. “पागुमेला पानच नव्हतं, पोरी.”

“नेहासेच्या पानावर लिहायचं.”

“नेहासे मी तीस तारखेला बंद केला. बंद केलेल्या पानात लिहिणं म्हणजे खोटं.”

“मग मेस्केरेमच्या पानावर?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने काहीतरी लाजिरवाणे विचारले. “मेस्केरेममध्ये कुठे मेली ती? पागुमेत मेली. तिथं कसं लिहू?”

जे शिकायला चाळीस माणसे शनिवारची सुट्टी घालवून वर्गात बसत होती, ते या माणसाला कोणी शिकवले नव्हते. त्याला पान मिळाले नाही, म्हणून त्याने जागा सोडून दिली. पण चुकीच्या जागी एक अक्षर लिहिले नाही. आणि त्याच खरेपणामुळे त्याच्यावर चोरीचा आळ आला. याला काय म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही.

अस्कालेला या ताळेबंदासाठी वरून दुसरी श्रेणी मिळाली. पहिली मिळाली नाही, कारण तंबूचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, धरायला ती विसरली, आणि डॉक्टर देमिसे असल्या बाबतीत कोणाला सोडत नाहीत. पण ती पुढच्या सत्रात गेली, आणि आता नावे-जमा चुकत नाही.

मित्रांनो, आता मी वर्गातल्या कपाटावर असते. माझ्यावरची धूळ पुसा, कधीमधी दोन थेंब तेल घाला, एवढेच माझे मागणे आहे. मात्र माझ्यापेक्षा जास्त काळजी त्यांची घ्या, ज्यांनी तुमचे हिशेब वर्षानुवर्षे गुपचूप सांभाळले आहेत. त्यांच्या वहीत एखादी ओळ सापडली नाही, तर लगेच बोट दाखवू नका. आधी दुसरे टोक शोधा. आणि त्यांना जाऊन विचारा, ते उत्तर देऊ शकतात तोवर.

त्या रविवारी सभा संपण्याआधी गोबेनांनी इदिरची हजेरी घेतली. हजेरीच्या कागदावर त्यांनी ताफेसेंचे नाव आधीच खोडून ठेवले होते, त्यामुळे त्यांना ते वाचता येईना. मग त्यांनी कागद खाली ठेवला, म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि तुतारीसारख्या आवाजात पुकारले, “ताफेसे वोल्दे!”

आमच्याकडे हाक मारली, की ‘अबेत’ म्हणून ओ देतात. म्हाताऱ्याला ऐकायला कमी येत होते. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. अस्कालेने त्याच्या हाताला हळूच स्पर्श केला. मग तो काठी टेकून उठला, चादर सावरली, आणि तीनशे घरांसमोर म्हणाला, “अबेत.”